सतरा नंबरचं वजन

आमच्या कार्यालयात त्याला सगळे दावेकर म्हणत. नवीन लागलेल्या माणसांना ते त्याचं खरंच आडनाव वाटे. एकदा तर वरच्या कार्यालयातून आलेल्या पत्रावर चक्क 'श्री. दावेकर, निरीक्षक' असं टाइप केलेलं होतं. त्याने ते पत्र वाचलं, फाइलला लावलं आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागला. हे नाव त्याला मी दिलं. दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. त्याच्याकडे ती कुठून आली याची गोष्ट मी एकतीस वर्षं सांगत आलोय. चहाच्या वेळी सांगितली, लग्नाच्या जेवणात सांगितली, दवाखान्यात पाय मोडून पडलेल्या शिपायाला करमत नव्हतं म्हणून त्याच्या उशाशी बसून सांगितली. लोक हसून हसून डोळे पुसतात. गोष्ट चांगली आहेच. फक्त ती खोटी आहे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

आमचं काम वजनकाटे तपासायचं. दुकानातल्या तागडीपासून ते भरलेला ट्रक उभा करून तोलतात त्या भुईकाट्यापर्यंत सगळे. त्यासाठी कार्यालयाच्या गाडीत वीस-वीस किलोची पन्नास लोखंडी वजनं असायची. त्यांना प्रमाण वजनं म्हणायचं. प्रत्येकावर नंबर, वर धरायला मूठ, आणि अंगात एका भोकात ठोकलेलं शिशाचं बूच, त्यावर शिक्का. काटा खरा की खोटा हे ठरवणार ते वजन, म्हणून आधी वजन खरं पाहिजे. ते उघड्या हाताने धरायचं नाही, ओढायचं नाही, जमिनीवर टेकवायचं नाही. ठेवायचंच तर फळीवर. कोपरा उडाला, चार ग्रॅम गेले, की वजन बाद. आम्ही बाकीचे हे नियम साहेब बघत असले की पाळायचो. तो कोणी बघत नसतानाही पाळायचा. जुन्या बनियनचं धुतलेलं फडकं त्याच्या खिशात कायम असे, आणि वजन उचलायचं म्हणजे तो दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, झोपलेलं मूल उचलावं तसं उचलायचा.

घरीही तेच. त्याच्या घरात गॅसच्या टाकीखाली फळी, पाण्याच्या पिंपाखाली फळी, कुंड्यांखाली फळ्या. वहिनी म्हणायच्या, "एक दिवस माझ्याही पायाखाली फळी सरकवतील." बाजारात तो स्वतः भाजी आणायला जात नसे. तो दिसला की भाजीवाले तागडी पुसायला लागायचे आणि पारडं खाली जाईपर्यंत घालत राहायचे. "जास्त दिलेलंही चुकीचंच," तो म्हणायचा आणि पिशवी वहिनींच्या हातात द्यायचा. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला काटा त्याने नापास करून जप्त केला. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी बोलल्या, तेही 'मीठ संपलंय' एवढंच.

आणि मुलगी झाली तेव्हा तर कहरच केला. दवाखान्याच्या काट्यावर याचा विश्वास बसेना. तिला दुपट्यात गुंडाळून कार्यालयात घेऊन आला. आधी नुसतं दुपटं तोललं, मग दुपट्यासकट तिला, आणि वजाबाकी करून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. दवाखान्याचा काटा चाळीस ग्रॅमने चुकत होता. दुसऱ्या दिवशी हा तपासणीची वही घेऊन तिथे हजर. त्या काळी तो हसायचाही मोठ्याने आणि खायलाही जबर होता. स्वतःचा डबा संपवून माझ्या डब्याकडे बघायचा, आणि मी पुढे सरकवला की "नको, नको" म्हणत तोही साफ करायचा.

आता माझं. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, नोकरीलाही दोन वर्षांनी मागे. हुशारी बेताची, पण जीभ चालायची. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं म्हणतात. मी आयुष्यभर माती विकली आणि गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

मला लहानपणापासून एक खोड होती. मी झोपेत उठून चालतो. आईने एकदा मला भर रस्त्यातून हाताला धरून परत आणलं होतं, आणि सकाळी मला काही आठवत नव्हतं. नोकरीला लागताना तब्येतीच्या कागदावर प्रश्न होता, झोपेचा काही विकार आहे काय. मी 'नाही' लिहिलं. भुईकाट्यांच्या कामात मुक्काम असायचे खाणीवर, गोदामात, कारखान्यात. झोपेत चालणाऱ्याला तिथे कोण पाठवणार? आणि मी अजून कायम झालेलो नव्हतो. तो कागद खोटा ठरला असता तर दुसऱ्या दिवशी घरी. घरी म्हातारे आईवडील आणि शिकणारी बहीण, सगळ्यांचे डोळे माझ्या नोकरीकडे.

त्याला हे कळलं होतं. दौऱ्यावर आम्हाला एकच खोली मिळायची. पहिल्या दौऱ्यात सकाळी उठलो तर याची खाट दाराला आडवी लावलेली. मी विचारलं तर म्हणाला, "इकडे वारा येतो." तिसऱ्या दौऱ्यात मात्र त्याने सरळच विचारलं.

"झोपेत चालतोस. ठाऊक आहे ना तुला?"

मी हातच जोडले. "कुणाला बोलू नकोस. निदान कायम होईपर्यंत."

"मी कशाला बोलू?" तो म्हणाला. विषय तिथे संपला. त्यानंतर प्रत्येक मुक्कामात दाराकडची खाट त्याची.

त्या वर्षी जंगलापलीकडच्या एका खडीच्या खाणीवर भुईकाटा तपासायला आम्ही दोघंच गेलो होतो. काम दुपारीच उरकलं. परतीचा रस्ता जंगलातून. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. एका वळणावर रस्त्याच्या खाली मोठा उघडा कातळ दिसला, घराच्या गच्चीएवढा सपाट, आणि पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. गाडी मी चालवत होतो. मी ती बाजूला घेऊन बंदच केली.

"राहू या आजची रात्र," मी म्हणालो.

"कुठे?"

"इथे. ताडपत्री आहे, पाव आहेत, खाणीवरच्या मुकादमाने दिलेले बटाटे आणि अंडी आहेत. आयुष्यात पुन्हा कधी राहणार आहोत असं?"

"गाडीत वजनं आहेत. रात्री वजनं कुलपाबाहेर ठेवता येत नाहीत."

"अरे, वजनांना कोण पळवणार? हत्ती?"

तो हसला नाही. खाली उतरला आणि बराच वेळ झाडांकडे बघत उभा राहिला. त्याची मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, घरी वहिनी एकट्या. पण दौरा लांबला की घरचे एक दिवस धरूनच चालत. शेवटी तो म्हणाला, "मी कधी राहिलो नाही रे असा, उघड्यावर. चल."

एवढा खूश मी त्याला क्वचित पाहिलाय. काटक्या गोळा केल्या, तीन दगड मांडून चूल केली, निखाऱ्यात बटाटे पुरले. तो सहा अंडी खाऊन सातव्याला 'नको, नको' म्हणाला. मग आम्ही खेळ काढला. एकाने दगड उचलायचा, दुसऱ्याने हातात झेलून वजन सांगायचं. "सव्वादोन किलो." "छे, दोन तीनशे." तपासायला काटा नव्हता, म्हणून दोघंही बरोबर. मोठ्याने वाद घालत होतो, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

अंधार पडायच्या जरा आधी तो कातळाच्या टोकापर्यंत जाऊन आला.

"वर गाडीत झोपू या का?" त्याने विचारलं.

"गाडीत झोपायचं तर घर काय वाईट होतं?"

"इथे दार नाही रे," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. मी म्हणालो, "खिडकीही नाही, तक्रार कर." आणि ताडपत्रीवर आडवा झालो. दिवसभर मीच गाडी चालवली होती, त्यामुळे लगेच डोळा लागला.

जाग आली तेव्हा मी उभा होतो. पायाखाली थंडगार दगड, आणि डाव्या घोट्याला काहीतरी करकचून आवळत होतं. पाण्याचा आवाज समोरून नाही, खालून येत होता. माझ्या पुढे एका पावलावर कातळ संपला होता. खाली तीन पुरुष खोल नाला. मागे त्याचा आवाज आला, अगदी हलका, मूल जागं होऊ नये म्हणून बोलतात तसा.

"ये मागे. सावकाश. काही नाही, ये."

वळून पाहिलं तर तो पालथा पडला होता. वजनं बांधायची दोरी एका टोकाला माझ्या घोट्याला, मधे एका वीस किलोच्या वजनाच्या मुठीला, आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या मनगटाला. जवळपास एकही झाड नव्हतं, म्हणून मी झोपल्यावर तो वर रस्त्यावर चढून गाडीतून ते वजन घेऊन आला होता. मी चालायला लागलो तसं वजन कातळावरून खरडत गेलं होतं आणि त्यामागे तोही. कोपर सोलून निघालं होतं. मी मागे आलो, आडवा झालो, आणि डोळे मिटून घेतले. झोप लागली नाही. तोही जागाच होता.

उजाडल्यावर तो वजनाशी उकिडवा बसला होता. सतरा नंबरचं. एक कोपरा उडालेला, शिशाचं बूच खरवडलेलं. खिशातलं फडकं काढून तो ते पुसत होता, पुसून काही उपयोग नाही हे माहीत असून. तेव्हा मी तोंड उघडलं आणि जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"हे काय रे? माझ्या पायाला दोरी का?"

मी डोळे चोळत, जांभई देत विचारलं. जसं काही मला काहीच माहीत नाही. भीती एवढीच, की तो आता म्हणेल, रात्री मेला असतास. मग ते खरं होईल, आणि खऱ्या गोष्टीला कुठेतरी पाय फुटतात. त्याने वर पाहिलं. मला सगळं आठवतंय हे त्याला कळलं. माझ्या तोंडावर ते लिहिलेलंच असणार. तो म्हणाला, "भीती वाटली रे. रात्री. एकट्याला."

त्याने खोटं मला आयतं हातात दिलं. मी ते घेतलं.

वजन बिघडलेलं कार्यालयाच्या कोठीत ठेवताच येत नाही, त्यामुळे सोमवारी सकाळी तो स्वतः ते घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला. साहेब तापट. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. प्रमाण वजन जंगलात? कातळावर? कशासाठी? तो गप्प. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार, आणि ऐन वेळेला खोटं रचणं त्याला जमत नसे. दाराशी आम्ही सगळे गोळा झालो होतो. तेवढ्यात माझी जीभ चालली.

"साहेब, मी सांगतो. हा रात्री घाबरला. मला जनावर ओढून नेईल आणि हा एकटा उरेल म्हणून यानं मला दाव्याला बांधलं, आणि स्वतः उडून जाऊ नये म्हणून वीस किलोचा खुंटा!"

पहिले हसले ते साहेब. मग सगळं कार्यालय. कोणीतरी म्हणालं, दाव्याला? मी म्हणालो, हो, आजपासून हे श्री. दावेकर. तोही हसला. मी स्वतःची समजूत घातली की मी त्याला वाचवलं. हसण्यावारी गेलं म्हणून नुसत्या शेऱ्यावर सुटला, नाहीतर चौकशी लागली असती. हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. त्याच्या सेवापुस्तकात लिहिलं गेलं, 'प्रमाण वजनाचा निष्काळजी वापर'. ज्या माणसाच्या घरी कुंडीखालीसुद्धा फळी, त्याच्या पुस्तकात. दोन महिन्यांनी मी कायम झालो. पेढे नाहीत, पार्टी नाही, कोणाला काही सांगितलंही नाही. त्याने मात्र मला खालच्या टपरीवर नेऊन चहा पाजला.

नऊ वर्षांनी विभागप्रमुखाची जागा निघाली. ज्येष्ठ तो, काम त्याचं, हात त्याचे. वरच्यांनी शेरा वाचला, आणि शेऱ्याबरोबर गोष्टही ऐकली, कारण ती तोवर वरपर्यंत पोचली होती. रात्रीला घाबरणारा माणूस खाणींच्या दौऱ्यांवर माणसं कशी पाठवणार, असं कोणीतरी म्हणालं म्हणे. जागा मला मिळाली. मी केबिनमध्ये गेलो तर टेबलाचे खण त्याने आधीच साफ करून, खाली कागद अंथरून ठेवले होते. "झुरळं होती," म्हणाला.

सतरा नंबरचं वजन भंगारात न जाता माझ्या केबिनच्या दाराला अडण म्हणून येऊन बसलं. कोणी ठेवलं ते मला ठाऊक नाही, काढायला सांगायचं धाडस मला झालं नाही. येणारेजाणारे ते पायाने सरकवायचे. तो आत यायचा तेव्हा वाकून, दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा. बावीस वर्षं मी रोज ते पाहिलं.

दौऱ्यांवर मी जमेल तेवढं जाणं टाळलं, आणि जावंच लागलं तर सोबत तो. दाराकडची खाट त्याचीच. त्यावरही कार्यालयात विनोद होता, की रात्री पळायला सोपं जावं म्हणून दावेकर दाराशी झोपतो. हा विनोद माझा नाही. पण मी हसलो.

गोष्ट मी त्याच्या घरीही सांगितली. तेव्हा मुलगी सहा वर्षांची असेल. ती मधे बसून ऐकत होती. खुंट्याचं वाक्य आलं, सगळे हसले, ती हसली नाही. बापाकडे बघत राहिली. त्याने तिला पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं. बाहेर आली ती हसत. मग जेवणाची पानं मांडली. तो दोन घास खाऊन उठला. अलीकडे त्याचं खाणं कमीच झालं होतं. वय झालं, असं मी धरून चाललो. तेहतीस हे काही वय नव्हे, पण मला तसं धरायला सोयीचं होतं.

लग्न झाल्यावर बायकोला मी सगळं सांगितलं, सांगणं भागच होतं, ती रात्री दाराला वरची कडी घालायची. ती दर दोन-चार वर्षांनी म्हणायची, "ज्याचं आहे त्याचं त्याला देऊन टाका एकदा." मी म्हणायचो, आता काय त्याचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं म्हणजे त्या मुठीत माझं काहीच नव्हतं, सगळा सव्वा लाख त्याचा होता.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. निरोपाचा कार्यक्रम कार्यालयाच्या दालनात, टेबलं भिंतीला सरकवून. तो, वहिनी, मुलगी पुढच्या रांगेत. विभागप्रमुख म्हणून भाषण माझं. आदल्या रात्री मी दोन पानं लिहून काढली होती, आरशासमोर वाचलीही होती. आज सांगायचंच. त्याची मुलगी समोर बसलेली असताना सांगायचं, म्हणजे निदान तिला तरी कळेल की तिचा बाप भित्रा नव्हता. माझं काय होईल? फार तर दोन वर्षांवर आलेली माझी निवृत्ती जरा कडू होईल. एवढीच तर किंमत उरली होती.

मी उभा राहिलो तोच मागून पोरं ओरडली, "साहेब, दाव्याची गोष्ट!"

"तीच सांगणार आहे," मी म्हणालो. "पण आज खरी सांगणार आहे. त्या रात्री घाबरला तो हा नव्हे. झोपेत चालत कड्यावर गेलो तो मी. माझ्या घोट्याला दोरी बांधून यानं मला धरून ठेवलं. वजन माझ्यामुळे फुटलं. शेरा याला मिळाला आणि ही खुर्ची मला."

हसू फुटलं. आधी मागच्या रांगेतून, मग सगळीकडून. वरच्या कार्यालयातून आलेले नवे साहेब टाळी देत म्हणाले, "वा! निरोपाच्या दिवशी गोष्टच उलटी केलीत! मित्र असावा तर असा."

"नाही हो, खरंच सांगतोय," मी म्हणालो. ते आणखीच हसले. माझ्या गंभीर चेहऱ्याची तर त्यांना सवयच होती, मी गोष्ट नेहमी गंभीर चेहऱ्यानेच सांगायचो. एकतीस वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं, कुठे हसायचं ते.

मी पुन्हा तोंड उघडलं, तर पुढच्या रांगेतून तो उठला. मोठ्याने हसत म्हणाला, "बघा, जाता जाता लेकानं मला शूर करून टाकलं! आता बसा, जेवण निवतंय." आणि माझ्या हातातली दोन पानं त्याने अलगद काढून घेतली, घडी घातली, आणि स्वतःच्या खिशात फडक्याशेजारी ठेवली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दालनाबाहेर जाऊन हात धुण्याच्या बेसिनशी उभा राहिलो. नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने त्याची मुलगी आली. ज्या मुलीला मी दुपट्यासकट काट्यावर पाहिलं होतं, तिच्या केसांत आता एक-दोन पांढरे होते.

"तू तरी ऐक," मी म्हणालो. "ते हसले, पण ते खरं आहे. तुझा बाबा..."

"मला माहीत आहे, काका."

"आत्ता कळलं ना. पण आधी..."

"आधीपासून. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून. तुम्ही आमच्या घरी सांगत होता आणि मला हसू येईना. बाबांनी मला आत नेलं आणि सगळं सांगितलं. आईला तर त्याच आठवड्यात सांगितलं होतं, कोपर कशानं सोललं ते विचारलं तेव्हा."

"मग तू हसलीस कशी? बाहेर येऊन हसलीस तू."

"बाबांनी सांगितलं, हस म्हणून." तिने पुढे होऊन नळ बंद केला. "म्हणाले, त्याला सांगू दे. ती गोष्ट सांगून झाली, लोक हसले, की तो जरा नीट जेवतो. नाहीतर आपल्याकडे आला की त्याला घास उतरत नाही."

म्हणजे त्या घरात मी जितक्या वेळा ती गोष्ट सांगितली, तितक्या वेळा ती तिघं मला सांभाळून घेत होती. वहिनी, हा, आणि एक सहा वर्षांची पोर. मी मान वर करू शकलो नाही. तिला काय वाटलं असेल कोण जाणे, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "चला, बाबा वाट बघतायत. जागा धरून ठेवलीय तुमच्यासाठी."

त्याने खरंच शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती. मी बसलो. म्हणालो, "कोणी विश्वासच ठेवला नाही रे."

"नसेना का," तो म्हणाला. "तू बोललास ना." आणि वाढणाऱ्याला त्याने हाक मारली.

मला एक घास गिळता आला नाही. ताट तसंच समोर राहिलं. तो मात्र खाली मान घालून जेवत होता. पहिल्यांदा वाढून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, वहिनी आश्चर्याने बघायला लागल्या. मग त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं. मी ते त्याच्याकडे सरकवलं. "नको, नको," तो म्हणाला, आणि माझंही ताट त्याने साफ करून टाकलं.